पोटाच्या कॅन्सरच्या तपासण्या : कोणती, केव्हा आणि कशासाठी?

‘पोट’ हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. बरगड्यांच्या खालपासून जांघेपर्यंत कुठेही दुखले तरी पोटच दुखते. वैद्यकशास्त्रात मात्र पोटाच्या पोकळीत यकृत, पित्ताशय, स्वादुपिंड, लहान व मोठे आतडे असे अनेक अवयव आहेत आणि जठर हा त्यांपैकी फक्त एक. अन्ननलिकेतून उतरलेला घास ज्या पिशवीत प्रथम येऊन पडतो आणि घुसळला जातो ती पिशवी म्हणजे जठर. आजच्या लेखात ‘पोटाचा कॅन्सर’ म्हणजे या जठराचा कॅन्सर असे समजावे.

हा विषय निवडण्याचे कारण सांगतो. आपल्याकडे कॅन्सर म्हटला की तंबाखू-खर्‍यामुळे होणारा तोंडाचा कॅन्सर, स्त्रियांमध्ये स्तनाचा व गर्भाशयमुखाचा कॅन्सर डोळ्यांपुढे येतो. ते योग्यच आहे, कारण त्यांचे प्रमाण मोठे आहे. सरकारी कार्यक्रमात तिशीनंतरच्या स्त्री-पुरुषांची जी सरसकट कॅन्सर तपासणी ठरवली आहे, तीही याच तीन जागांची आहे. जठराच्या कॅन्सरसाठी मात्र आपल्या देशात अशी सरसकट तपासणी नाही. कोणी घरी येऊन विचारणार नाही, कोणी शिबिरात बोलावणार नाही. म्हणजे लक्षण ओळखून स्वतःच्या पायांनी दवाखान्यात जाणे एवढाच मार्ग उरतो. आणि नेमके येथेच घोडे अडते, कारण या रोगाची सुरुवात अगदी साध्या ‘गॅस’सारखी होते.

जगाचा हिशेब पाहिला तर २०२२ या एका वर्षात सुमारे ९ लाख ६८ हजार लोकांना हा कॅन्सर झाला आणि सुमारे ६ लाख ६० हजार लोक त्याने दगावले, असा जागतिक अंदाज आहे. आपल्या देशात मिझोरामच्या ऐझॉल जिल्ह्यात त्याचे प्रमाण फार मोठे आहे. आपल्या वर्धा जिल्ह्याचाही हिशेब ठेवला जातो, हे फार थोड्या वाचकांना ठाऊक असेल. राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमात सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेमार्फत जिल्ह्यातील कॅन्सर रुग्णांची नोंद होते, आणि या कार्यक्रमाच्या २०२० च्या अहवालात वर्धा जिल्ह्याचे २०१२ ते २०१६ या वर्षांचे आकडे आहेत. जठराचा कॅन्सर आपल्याकडे तोंडाच्या कॅन्सरइतका नाही. परंतु ज्याच्या घरी तो येतो, त्या घराला प्रमाण कमी असल्याचा काय दिलासा?

साधे अपचन आणि धोक्याची खूण

छातीत जळजळ, आंबट ढेकर, पोट फुगणे ह्या तक्रारी घेऊन येणार्‍या शंभर रुग्णांपैकी बहुतेकांना कॅन्सर नसतो. तिखट-तेलकट, अवेळी जेवण, उपाशीपोटी चहा, खर्रा, दारू, दुखण्याच्या गोळ्या आणि एच. पायलोरी नावाचे जंतू ही त्यांची कारणे असतात. म्हणून अपचन झाले की लगेच घाबरून जाण्याचे कारण नाही. मात्र पुढील गोष्टी दिसल्या तर गोळ्या खात बसू नये :

चाळिशी-पंचेचाळिशीनंतर आयुष्यात प्रथमच सुरू झालेले आणि हटत नसलेले अपचन. दोन घास खाल्ले की पोट भरल्यासारखे वाटणे. घास उतरताना अडकणे. वारंवार ओकारी होणे, विशेषतः सकाळी खाल्लेले अन्न संध्याकाळी तसेच पडणे. प्रयत्न न करता वजन उतरणे, कपडे ढिले होणे. डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची संडास. रक्ताची उलटी. पोटाच्या वरच्या भागात गाठ लागणे. आणि पुरुषाचे किंवा पाळी गेलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन कारण नसताना कमी होणे.

यातील शेवटच्या मुद्द्याकडे विशेष लक्ष द्यावे. रक्त कमी झाले की आपण लोहाच्या गोळ्या घेतो, रक्त थोडे वाढते आणि विषय संपतो. पण रक्त गेले कुठे, हा प्रश्न कोणी विचारत नाही. जठरातल्या जखमेतून रोज थोडे थोडे रक्त झिरपत असेल तर ते डोळ्यांना दिसत नाही. येथे एक खुलासा करतो. लोहाच्या गोळ्या चालू असतानाही संडास काळी होते. तेव्हा डॉक्टरांना आपण कोणत्या गोळ्या घेत आहोत ते जरूर सांगावे, म्हणजे नसते भय आणि नसता निर्धास्तपणा दोन्ही टळतील.

दुसरी गोष्ट आम्लता कमी करणार्‍या गोळ्यांची. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल या गोळ्या औषध दुकानातून सहज मिळतात. त्या चांगल्याच आहेत. पण त्यांचा गुण असा की जठरातील कॅन्सरच्या जखमेचे दुखणेही काही काळ त्यांनी शमते, कधी जखम वरवर भरल्यासारखीही दिसते. रुग्णाला वाटते, आराम पडला. रोग मात्र आत आपले काम करीत राहतो. म्हणून वरीलपैकी एखादी खूण असेल तर ‘गोळीने बरे वाटते’ हा पुरावा मानू नये.

पहिली तपासणी कोणती?

‘डॉक्टरसाहेब, सोनोग्राफी काढली, नॉर्मल आहे,’ असे म्हणून रुग्ण निश्चिंत होतो. सोनोग्राफी उत्तम तपासणी आहे, पण यकृत, पित्ताशय, मूत्रपिंड, गर्भाशय यांच्यासाठी. जठर ही हवेने भरलेली पिशवी. सोनोग्राफीच्या ध्वनिलहरी हवेतून पलीकडे जात नाहीत. त्यामुळे जठराच्या आतल्या अस्तरावर रुपयाएवढी जखम असली तरी सोनोग्राफीत ती न दिसणे शक्य आहे. सोनोग्राफी नॉर्मल म्हणजे जठर नॉर्मल, असा अर्थ मुळीच होत नाही.

तीच गोष्ट रक्त तपासणीची. सी.ई.ए., सी.ए. १९-९ अशा नावांच्या तपासण्या ‘कॅन्सरची रक्ततपासणी’ म्हणून केल्या जातात. जठराचा कॅन्सर असूनही त्या नॉर्मल येऊ शकतात आणि कॅन्सर नसतानाही वाढलेल्या असू शकतात. निदान झाल्यानंतर उपचाराचा परिणाम पाहण्यास त्यांचा थोडाफार उपयोग होतो, निदान करण्यास नाही. पूर्वी पांढरे बेरियम पाजून एक्स-रे काढीत. जपानमध्ये या पद्धतीने लाखो लोकांची तपासणी झाली. परंतु सावली पाहून तुकडा घेता येत नाही, म्हणून आज तिचे महत्त्व कमी झाले आहे.

जठराच्या कॅन्सरचे निदान करणारी खरी तपासणी एकच : दुर्बीण घालून जठर आतून पाहणे, म्हणजे एंडोस्कोपी, आणि त्याच वेळी तुकडा काढून तपासणे, म्हणजे बायोप्सी.

दुर्बिणीची भीती

जठरात डोकावण्याचा पहिला प्रयत्न १८६८ साली जर्मनीत कुसमाऊल नावाच्या डॉक्टरांनी केला. त्या काळची नळी सरळ आणि ताठ होती, म्हणून त्यांना तलवार गिळण्याचे खेळ करणारा माणूस शोधावा लागला ! १९५७ मध्ये अमेरिकेत हिर्शोविट्झ यांनी काचतंतूंची लवचिक दुर्बीण प्रत्यक्षात आणली आणि चित्र पालटले. आजची दुर्बीण करंगळीएवढ्या जाडीची, हवी तशी वळणारी असते. तिच्या टोकाला कॅमेरा असतो व चित्र पडद्यावर दिसते. तलवार गिळणार्‍याचे काम आता कोणावरही येत नाही.

तपासणीपूर्वी सहा ते आठ तास पोट रिकामे असावे लागते. सकाळची वेळ मिळाली तर रात्री हलके जेवून नंतर काही खाऊ नये. ज्यांना ओकारीचा त्रास आहे, अन्न पुढे सरकत नाही, त्यांना जास्त वेळ उपाशी राहावे लागते, तसे डॉक्टर सांगतात. कवळी असेल तर काढून ठेवावी. मधुमेहाचे इन्शुलिन किंवा गोळ्या, तसेच रक्त पातळ करणार्‍या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगावे. त्या आपल्या मनाने बंद करू नयेत. घशात बधिर करणारा फवारा मारतात, डाव्या कुशीवर झोपवतात, दातांमध्ये प्लॅस्टिकची कडी ठेवतात. नळी घशातून उतरताना उमाळा येतो, तो क्षण थोडा कठीण. त्यानंतर नाकाने सावकाश श्वास घेत राहिले की साधारण दहा मिनिटांत काम आटोपते. श्वासाची नळी वेगळी आणि अन्नाची वेगळी, त्यामुळे गुदमरण्याची भीती बाळगू नये. फारच घाबरणार्‍यांना गुंगीचे इंजेक्शन देता येते. पण मग सोबत माणूस हवा आणि त्या दिवशी गाडी चालवू नये. घशाचा बधिरपणा जाईपर्यंत, म्हणजे सुमारे एक तास, पाणीही घेऊ नये, ठसका लागतो.

जखम किंवा गाठ दिसली तर दुर्बिणीतून बारीक चिमटा घालून तिच्या कडेचे व तळाचे सहा ते आठ तुकडे घेतात. तुकडे तांदळाच्या दाण्यापेक्षाही लहान असतात. जठराच्या अस्तराला कापल्याची वेदना कळत नाही, म्हणून तुकडा घेतलेला रुग्णाला समजतही नाही.

‘तुकडा काढला की कॅन्सर पसरतो’ ही समजूत खेडोपाडीच नव्हे, शहरात शिकलेल्या घरांतही आहे. दुर्बिणीतून घेतलेल्या तुकड्यामुळे जठराचा कॅन्सर पसरत नाही. असे का वाटते, ते मात्र समजण्यासारखे आहे. तपासणीपर्यंत रुग्ण हिंडत-फिरत असतो, आणि तपासणीनंतर दोन महिन्यांत खालावतो. लोक तुकड्याला दोष देतात. वास्तविक त्या दोन महिन्यांत उपचार घेतलेले नसतात आणि रोग आपल्या गतीने वाढलेला असतो.

तुकडा काय सांगतो?

काढलेले तुकडे फॉर्मलीनमध्ये ठेवून विकृतिशास्त्र विभागाकडे पाठवतात. तेथे त्यांवर प्रक्रिया करून, मेणात बसवून, पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. यास साधारण आठवडा लागतो. घाई केल्याने तो लवकर होत नाही.

अहवालात प्रथम कॅन्सर आहे की नाही ते असते. असल्यास कोणत्या जातीचा, ते असते. जठराच्या कॅन्सरपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक अस्तरातील ग्रंथींपासून होणारे, म्हणजे अडिनोकार्सिनोमा असतात. थोडे लिम्फोमा या जातीचे असतात आणि त्यांचा उपचार अगदी वेगळा असतो. एका विशिष्ट सौम्य लिम्फोमात तर सुरुवातीच्या अवस्थेत एच. पायलोरी जंतूंचा नाश करणारी औषधे दिली तरी बर्‍याच रुग्णांत गाठ विरघळते. नाव एकच ‘पोटाचा कॅन्सर’, पण एकाला शस्त्रक्रिया आणि दुसर्‍याला गोळ्या ! तुकड्याशिवाय हा फरक कळणार कसा?

हे एच. पायलोरी जंतू १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियात वॉरेन आणि मार्शल यांनी शोधले व त्याबद्दल २००५ चे नोबेल पारितोषिक मिळवले. जठराच्या कॅन्सरचे ते एक मोठे कारण मानले जाते. पण हे जंतू असलेल्या बहुतेकांना कॅन्सर होत नाही, हेही लक्षात ठेवावे.

आता त्याच तुकड्यावर आणखी काही तपासण्या होतात. हर-२ नावाचे प्रथिन जास्त आहे का, पेशींची दुरुस्ती-यंत्रणा बिघडलेली आहे का, पी.डी.-एल.१ आणि क्लॉडिन ही प्रथिने किती आहेत, हे पाहतात. त्यावरून काही नवी औषधे लागू पडतील की नाही ते ठरते. ही औषधे महाग आहेत आणि प्रत्येकाला उपयोगी पडत नाहीत, म्हणून आधी तपासणी आणि मग औषध असा क्रम आहे.

कधीकधी अहवाल ‘कॅन्सर दिसत नाही’ असा येतो आणि तरीही डॉक्टर पुन्हा दुर्बीण करायला सांगतात. घरचे लोक चिडतात. पण त्याला कारण असते. काही कॅन्सर अस्तराच्या खाली भिंतीत पसरतात. जठर चामड्याच्या पखालीसारखे कडक होते, वरचे अस्तर मात्र जवळजवळ चांगले दिसते. वरवरच्या तुकड्यात त्यांचा पत्ता लागत नाही. तसेच जठरात साधा अल्सर आढळला तरी सहा ते बारा आठवड्यांच्या औषधोपचारानंतर तो भरला का, हे पुन्हा दुर्बिणीने पाहावे लागते. न भरणारा अल्सर संशयास्पद समजावा.

निदान झाले, आता पुढच्या तपासण्या कशाला?

येथे एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, आर्वी तालुक्यातील छप्पन वर्षांचे एक शेतकरी गृहस्थ आहेत. चार महिने गॅसच्या गोळ्या घेतल्या, वजन आठ किलो उतरले, शेवटी दुर्बीण झाली आणि तुकड्यात कॅन्सर निघाला. मुलगा म्हणतो, ‘डॉक्टरसाहेब, रोग समजला ना? मग आता सी.टी. कशाला, पोटात पुन्हा दुर्बीण कशाला? बाबांचे ऑपरेशन उद्याच करून टाका.’ मुलाची तळमळ खरी आहे. पण दुर्बिणीने फक्त ‘काय आहे’ ते सांगितले. ‘किती आहे आणि कुठवर आहे’ ते सांगितलेले नाही. रोगाची व्याप्ती ठरवणे, म्हणजेच त्याची पायरी ठरवणे, याला इंग्रजीत स्टेजिंग म्हणतात.

त्याचे महत्त्व इतिहासातून समजेल. २९ जानेवारी १८८१ रोजी व्हिएन्नात बिलरोथ या प्रख्यात शल्यचिकित्सकाने ४३ वर्षांच्या एका स्त्रीच्या जठरातील कॅन्सरचा भाग कापून काढला. अशी ही पहिली यशस्वी शस्त्रक्रिया. बाई शस्त्रक्रियेतून उठल्या, खाऊ-पिऊ लागल्या. पण सुमारे चार महिन्यांत त्या गेल्या, कारण रोग आधीच इतरत्र पसरलेला होता. हात कुशल होते, पण रोग कुठवर गेला हे आधी पाहण्याचे साधन त्या काळी नव्हते. आज आहे. असताना ते न वापरणे म्हणजे दिवा हाती असून अंधारात चालणे होय.

भिंत, गाठी आणि दूरचा प्रसार

पायरी तीन गोष्टींवरून ठरते. इंग्रजी अक्षरांत त्यांना टी, एन आणि एम म्हणतात. रुग्णाच्या कागदांवर ही अक्षरे दिसतात, म्हणून त्यांचा अर्थ समजून घ्यावा.

टी म्हणजे भिंतीत शिरलेली खोली. जठराची भिंत घराच्या भिंतीसारखी थरांची असते. आतला गिलावा म्हणजे अस्तर, त्याखालचा मऊ थर, मग स्नायूंचा जाड थर आणि सर्वांत बाहेर पातळ आवरण. रोग अस्तरात किंवा त्याखालच्या मऊ थरात असेल तर टी-१, स्नायूंत शिरला तर टी-२, स्नायू ओलांडून आवरणाच्या आतपर्यंत आला तर टी-३, आवरण फोडून बाहेर आला किंवा शेजारच्या अवयवात घुसला तर टी-४.

एन म्हणजे जठराभोवतालच्या लसिकाग्रंथी, आपण त्यांना गाठी म्हणू. एक-दोन गाठींत रोग असेल तर एन-१, तीन ते सहा असतील तर एन-२, सात किंवा अधिक असतील तर एन-३. काही नसेल तर शून्य.

एम म्हणजे दूरचा प्रसार : यकृत, फुप्फुस, हाडे, पोटाच्या पोकळीचा आतला पडदा, स्त्रियांमध्ये बीजकोश, किंवा डाव्या हासळीच्या वरची गाठ. असेल तर एक, नसेल तर शून्य.

या तिन्हींची बेरीज करून पायरी निघते. उपचारापूर्वीच्या तपासण्यांवरून ढोबळमानाने असे म्हणता येईल : रोग आतल्या थरांत व गाठी स्वच्छ, ही पहिली पायरी. उथळ रोग पण गाठींत शिरलेला, किंवा खोल रोग पण गाठी स्वच्छ, ही दुसरी. खोल रोग आणि गाठीही लागलेल्या, ही तिसरी. शेजारच्या अवयवात घुसलेला किंवा दूर पसरलेला, ही चौथी.

ही भाषा किती उपयोगी आहे पाहा. नेपोलियन १८२१ मध्ये सेंट हेलेना बेटावर वारला. शवविच्छेदनात जठरात मोठी जखम आढळली होती. त्या वेळी लिहून ठेवलेली वर्णने आजच्या रुग्णांच्या नमुन्यांशी ताडून २००७ मध्ये डॉक्टरांच्या एका गटाने निष्कर्ष काढला की त्याचा जठराचा कॅन्सर निदान तिसर्‍या पायरीचा होता. नीट लिहिलेली नोंद जवळजवळ दोनशे वर्षांनीही बोलते. मग आपल्या रुग्णाचे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत चुरगाळून ठेवू नयेत, एवढे तरी करता येईल !

कोणती तपासणी काय पाहते?

आधी डॉक्टरांचे हात. हासळीच्या वर, बेंबीजवळ, पोटात गाठ लागते का, पोटात पाणी झाले आहे का, गुदमार्गातून काही लागते का, हे बोटांनी पाहण्यास खर्च लागत नाही आणि कधी कधी तेवढ्यानेच रोगाची व्याप्ती समजते.

सी.टी. स्कॅन : छाती, पोट आणि ओटीपोट यांचा, शिरेतून औषध देऊन काढलेला स्कॅन ही मुख्य तपासणी. भिंतीची जाडी, सुजलेल्या गाठी, यकृत व फुप्फुसातील डाग त्यात दिसतात. आधी रक्तातील क्रिएटिनिन पाहतात, कारण ते औषध मूत्रपिंडातून बाहेर पडते. पूर्वी अशा औषधाची अ‍ॅलर्जी झाली असेल किंवा मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर सांगावे. सी.टी.ची मर्यादा अशी की पोटाच्या पडद्यावरील मोहरीएवढे दाणे त्यात बहुधा दिसत नाहीत.

आतली सोनोग्राफी : दुर्बिणीच्या टोकालाच सोनोग्राफीचे यंत्र बसवलेले असते. जठराच्या आतून भिंतीचे थर मोजता येतात. रोग अगदी उथळ वाटत असेल तेव्हा हिचा खरा उपयोग. ही सोय मोठ्या केंद्रांतच असते आणि प्रत्येक रुग्णाला तिची गरज नसते.

पोटातील दुर्बीण, म्हणजे लॅपरोस्कोपी : भूल देऊन, पोटावर लहान छिद्रे पाडून आत पाहतात. पडद्यावर, यकृतावर बारीक दाणे आहेत का ते प्रत्यक्ष दिसते. आत थोडे सलाईन टाकून ते परत काढून घेतात आणि त्यात कॅन्सरच्या पेशी आहेत का तपासतात. सी.टी. स्वच्छ असलेल्या, पण खोल रोग असलेल्या रुग्णांपैकी बर्‍याच जणांत, साधारण पाचापैकी एकात, येथे लपलेला प्रसार सापडतो. वरील उदाहरणातील मुलाला ‘पोटात पुन्हा दुर्बीण कशाला’ याचे उत्तर हे आहे. या लहान तपासणीने अनेकांचे निरर्थक मोठे ऑपरेशन वाचते.

पेट स्कॅन : साखरेसारखे किरणोत्सारी द्रव्य देऊन ते शरीरात कुठे जास्त शोषले जाते ते पाहतात. मोठी आणि महाग तपासणी, म्हणून सर्वांत चांगली, असे लोकांना वाटते. परंतु जठराच्या काही जातींचे कॅन्सर ही साखर फारशी घेतच नाहीत आणि पेट स्कॅन फसतो. डॉक्टरांनी सुचवला तरच करावा, आपण हट्ट धरू नये.

याखेरीज हृदय, फुप्फुसे, मूत्रपिंड यांची क्षमता, रक्त, वजन आणि आहार यांची तपासणी होते. ही रोगाची नव्हे तर रोग्याची तपासणी. आठ किलो वजन उतरलेल्या माणसाला मोठी शस्त्रक्रिया झेपवायची तर आधी त्याला बळ द्यावे लागते.

शस्त्रक्रिया झाली तर काढलेले जठर आणि गाठी पुन्हा विकृतिशास्त्र विभागात जातात. निदान सोळा गाठी तपासल्या गेल्या तरच पायरी खात्रीची मानतात. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर पायरी बदलू शकते. ‘आधी दुसरी म्हणाले, आता तिसरी म्हणतात’ याचा अर्थ कोणी फसवले असा नव्हे.

पायरीवरून काय ठरते?

अगदी उथळ, लहान रोग निवडक रुग्णांत दुर्बिणीतूनच खरवडून काढता येतो. पोट उघडावेही लागत नाही. खोल किंवा गाठींत गेलेला, पण दूर न पसरलेला रोग असेल तर आज बहुधा आधी काही आठवडे केमोथेरपी, मग जठराचा भाग किंवा पूर्ण जठर गाठींसकट काढणे आणि पुन्हा केमोथेरपी असा क्रम ठेवतात. म्हणजे ‘उद्याच ऑपरेशन’ हा नेहमीच उत्तम उपचार नसतो. रोग दूर पसरला असेल तर जठर काढून आयुष्य वाढत नाही असे अनुभवास आले आहे. तेथे औषधे, अन्नाचा मार्ग मोकळा करणे, वेदना कमी करणे यांवर भर असतो. हाही उपचारच आहे; ‘काही करण्यासारखे नाही’ असे समजून रुग्णाला घरी कोपर्‍यात निजवू नये.

जपान आणि दक्षिण कोरियात या रोगाचे प्रमाण मोठे, म्हणून तेथे लक्षण नसतानाही तपासणी करतात. कोरियात चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी. त्यामुळे तेथे रोग पहिल्या पायरीवर सापडतो आणि बहुसंख्य रुग्ण बरे होतात. तोच रोग, तीच औषधे. फरक आहे तो पायरीचा.

आपल्या जिल्ह्यात काय करावे?

दुर्बीण, बायोप्सी आणि सी.टी. यांसाठी लांब जाण्याची गरज नाही. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय ही वैद्यकीय महाविद्यालयांची दोन रुग्णालये आपल्या जिल्ह्यात आहेत. पुढील उपचारांसाठी नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आणि जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरची शस्त्रक्रिया, केमोथेरपी व किरणोपचार येतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत न्यावे, आणि कोणत्या तपासणीचा खर्च योजनेत बसतो ते रुग्णालयातील आरोग्यमित्राला आधीच विचारावे.

दुसर्‍या रुग्णालयात जाताना दुर्बिणीचा अहवाल, बायोप्सीचा अहवाल, सी.टी.ची सी.डी. आणि चालू गोळ्यांच्या चिठ्ठ्या एका फाईलमध्ये तारखेप्रमाणे लावाव्यात. बायोप्सीच्या काचा आणि मेणाचा ठोकळा मागितल्यास मिळतो. तो असेल तर पुन्हा तुकडा काढण्याची वेळ बहुधा येत नाही.

आणखी दोन शब्द घरच्या मंडळींसाठी. रुग्णाला रोगाचे नाव सांगू नये, असा आपल्याकडे रिवाज आहे. पण दुर्बीण, सी.टी., लॅपरोस्कोपी, केमो या सगळ्यांतून ज्या माणसाला जायचे आहे त्याला कशासाठी जायचे हे ठाऊक नसेल तर तो दुसर्‍याच तपासणीला ‘मला नको’ म्हणतो, आणि त्याचा त्यात दोष नसतो. एकदम सगळे सांगू नये, पण विचारले तेवढे खरे सांगावे.

आणि शेतकरी बांधवांना एक विनंती. ‘सोयाबीन निघू द्या’, ‘कापूस विकला की जातो’, ‘पोरीचे लग्न आटोपू द्या’ असे म्हणता म्हणता एक हंगाम जातो. पिकावर अळी दिसली तर आपण दुसर्‍या दिवशी फवारणीला निघतो, तेथे हंगामाची वाट पाहत नाही. अपचन दोन-तीन आठवड्यांत औषधाने हटले नाही, किंवा सोबत वजन उतरणे, काळी संडास, ओकारी, घास अडकणे यांपैकी काही असेल, तर डॉक्टरांना आपण होऊन विचारावे, ‘मला दुर्बिणीची तपासणी हवी का?’ दहापैकी नऊ वेळा साधा अल्सर किंवा सूज निघेल आणि आपण हसत घरी याल. दहाव्या माणसासाठी मात्र ती दहा मिनिटे फार मोलाची ठरतील.